कशात भारी, कशाहून भारी
आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला पहिला मी. लोक विचारतात, निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत शिकून तुम्हाला इंग्रजी कशी आली? मी खरं तेच सांगतो. नांदेडच्या एका मास्तरांमुळे आणि देवणीच्या बैलबाजारामुळे.

लातूरला मिडलपर्यंत शिकून मी मावशीकडे नांदेडला आलो. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि त्या उर्दूतून शिकवलेली इंग्रजी, असा सगळा प्रवास होता. आमचे इंग्रजीचे मास्तर जुन्या मुसलमान घराण्यातले. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, डोक्यावर तुर्की टोपी. ते छडी कधीच वापरत नसत. मात्र चूक दिसली की सगळ्या वर्गाला वाचून दाखवत. ते छडीपेक्षा जास्त लागायचं.

इतर व्याकरण मला बरं जमायचं. अडायचं ते तुलनेपाशी. मराठीत 'पेक्षा' म्हटलं की काम झालं. लातूरचा बाजार नांदेडपेक्षा मोठा, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. उर्दूतही तसंच चालतं. मी तेच उचलून इंग्रजीत ठेवायचो. दिवाळीच्या सुटीआधीच्या परीक्षेत मी लिहिलं, 'दि रोड्स ऑफ लातूर आर वाइडर दॅन नांदेड.'

मास्तरांनी पेपर हातात घेतला.

"लातूर की सडकां नांदेड से चौडी हैं. सडक को पूरे शहर से नाप रहे मियाँ? गोदावरी भी बीच में आ गई होगी!"

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

"सडक को सडक से नापो," ते म्हणाले. त्यांनी फळ्यावर 'नांदेड'च्या आधी 'दोज ऑफ' हे दोन शब्द घातले. म्हणजे नांदेडच्या त्या, नांदेडच्या सडका. मी मान डोलावली. पण पुढच्याच वाक्यात मी आमच्या विहिरीचं पाणी मावशीच्या घराहून गोड केलं होतं.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "बेटा, सुट्टी के बाद एक इम्तिहान और लूँगा. उसमें भी यही हाल रहा तो मॅट्रिक के लिए तुम्हारा नाम नहीं भेज सकता. तुम्हारा साल जाएगा, मुझे अच्छा नहीं लगेगा."

सुटीला मी लातूरला आलो. घरी ही गोष्ट लपवण्यात अर्थ नव्हता. माझे वडील, आबा, लातूरच्या मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात बैलगाडी चालवायचे, आडतीचा माल वाहायचे. एका आडत्याला मराठी-उर्दू लिहिणारा मुलगा दुकानात हवा होता आणि तो आबांच्या मागेच लागला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "नाव गेलं तर शीक. न्हाई गेलं तर दुकानात बस. उगं लटकून ऱ्हाऊ नको."

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लेकराला यील की. आजून सुटी हाय."

"सुटीत ते माझ्यासंगं देवणीला येणार हाय," आबा म्हणाले. "बैलाला जोड बघायचीय."

आमच्या गाडीचा एक बैल उन्हाळ्यात म्हातारपणाने गेला होता. उरलेला वानेरा होता, म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळं. एका बैलावर गाडी चालत नाही आणि कुठलाही दुसरा बैल आणून जुवाला लावता येत नाही. खांदे खालीवर असले तर जू कलतं, चाल वेगळी असली तर एक ओढतो आणि दुसरा फरफटतो. म्हणून आबा वानेऱ्याला सोबत घेऊनच निघाले. मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि रस्ताभर वाक्यं घोकत मागे चाललो.

बाजारात एका व्यापाऱ्याने आबांना हेरलं.

"या मामा, या! ह्यो बगा. तुमच्या बैलाहून लई भारी."

"कशात?" आबांनी विचारलं.

"कशात म्हंजी? समद्यात!"

"समद्यात भारी आसला तर मला नको. मला जोड पायजे, जावई न्हाई."

आजूबाजूचे हसले. आबांनी वानेऱ्याला त्या बैलाशेजारी आणून उभं केलं. शिंगाला शिंग लावून पाहिलं. मग खांद्याला खांदा. वशिंडाला वशिंड. तोंड उघडून दात पाहिले आणि दोघांना बरोबरीने चालवलं. "शिंगं आमच्याहून लांब हायती," ते म्हणाले. "खांदा बी उंच हाय. पर चालीत आमचाच बरा."

व्यापारी वैतागला. "एवढं तर पोरगी देताना बी बघत न्हाईत!"

"म्हणून तर पोरी रडत्यात," आबा म्हणाले आणि पुढे निघाले.

मी मात्र तिथेच उभा राहिलो. आबांनी 'आमच्याहून' म्हटलं, तरी त्यांचा हात आमच्या बैलाच्या शिंगावरच होता. तोंडाने बोललं नाही ते हात दाखवत होता. कागदावर हात कुठून येणार? इंग्रजीत तो हात शब्दांनीच दाखवावा लागतो. मास्तरांनी फळ्यावर घातलेले दोन शब्द म्हणजे दुसऱ्या बैलाच्या शिंगावर ठेवलेला हात होता. ते मला आधीच सांगत होते. मी ऐकत होतो, पण दिसत नव्हतं.

दुपारपर्यंत जोड मिळाली. परतताना मी वाटेत दिसेल त्याची तुलना करत आलो. या शेताची ज्वारी त्या शेताच्या ज्वारीहून उंच. या गावची वेस त्या गावच्या वेशीहून रुंद. प्रत्येक वाक्याआधी मी स्वतःलाच आबांसारखं दरडावायचो, "कशात?" आणि मग, "कशाशी?"

सुटीनंतर मास्तरांनी विषय दिला, आपल्या माहितीतल्या दोन गोष्टींची तुलना. मी आमचे दोन बैल लिहिले. मास्तर वर्गापुढे वाचू लागले. नव्या बैलाची शिंगं जुन्याच्या शिंगांहून लांब. जुन्याचं वशिंड नव्याच्या वशिंडाहून मोठं. ते मान डोलावत होते. मग एका वाक्यावर थांबले.

"हमारा बैल लातूर के किसी भी बैल से अच्छा है. तुम्हारा बैल कहाँ का?"

"लातूरचाच, मास्तरसाहेब."

"तो वह अपने आप से भी अच्छा हुआ? मुबारक हो!"

वर्गात हशा पिकला. मोंढ्यातलं ते दुकान डोळ्यांपुढे आलं. पण मनात वाटेवरचा तो दुसरा प्रश्न उठला, कशाशी? त्याच्याशीच त्याला कसं लावणार? त्याला बाजूला काढायला हवं. मी म्हणालो, "एनी अदर बुलॉक. दुसऱ्या कुठल्याही बैलाहून."

मास्तरांनी चष्मा काढला. "बैठो. नाम भेजता हूँ." आणि पेपर माझ्या हातात देताना, "बैल अच्छे हैं."

मी मॅट्रिक पास होऊन लातूरला परतलो, तेव्हा आबा नवी जोड जुंपून मला मोटारींच्या अड्ड्यावर घ्यायला आले होते. सोबतच्या गाडीवाल्याला मोठ्याने सांगत होते, "माझं पोरगं गल्लीतल्या समद्या पोरांहून हुशार हाय."

"कशात, आबा?" मी विचारलं.

ते खदखदून हसले.

"इंग्रजीत," म्हणाले. "बैलात न्हाई. चढ गाडीत."