मशीनजवळ ती बसली होती

माझी बायको मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर सून म्हणाली, आईंच्या हातच्या जेवणाबद्दल लिहा. कशाला लिहू? स्वयंपाक तिला जेमतेम यायचा. भाजीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. मला तिची एकच गोष्ट लिहायची आहे. ती तिनं बरोबर केली की चूक, हे मला अजून सांगता येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. द्वारका चौकाजवळ माझं माईकचं दुकान होतं. लग्न, जयंती, गणपती, इलेक्शन, सगळीकडे माझे भोंगे. भोंगा झाडावर बांधायचा, वायर खाली आणून मशीनला जोडायची आणि मशीनशेजारी बसून राहायचं. बोलणारा माईकच्या अंगावर आला की आवाज कमी करायचा, लांब सरकला की वाढवायचा. तो काय बोलतो याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. आणीबाणीत तर एक हवालदार माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा. "मी हात वर केला की बंद कर," म्हणायचा. मी म्हणायचो, "बरं साहेब." मला त्यात काही वाटलं नाही. धंदा होता.

बायको बघून बघून मशीन चालवायला शिकली. मी झाडावर असलो की खाली तीच. माईकवर "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" तीच म्हणायची. पोरं हसायची. ती आणखी मोठ्यानं म्हणायची.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. तिच्या बहिणीची मुलगी आमच्याकडे शिकायला होती. गाव कळवणच्या बाजूला, बाप दुसऱ्याच्या शेतात कामाला. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेली ही पहिली. सरकारी कॉलेज, फी माफ, बी.ए.चं शेवटचं वर्ष. पास झाली की बी.एड. करून मास्तरीण व्हायचं, एवढंच तिचं ठरलेलं. आमची आणि तिच्या आईबापाची सगळी मदार त्या एका परीक्षेवर.

कॉलेजात एक रीत होती. फी माफीच्या मुलांच्या सह्या घ्यायला ऑफिसातला क्लार्क शिकवणं चालू असतानाच वर्गात यायचा आणि ओरडायचा, "सवलतवाले, उभे राहा." ही उभी राहिली की मागच्या बाकावरून पोरं म्हणायची, "सरकारचे जावई आले!" घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पोरं जावई, मग तू कोण? सरकारची सून?" दोघी हसल्या. पण त्या दिवशी पोरगी जेवली नाही.

तिनं त्यावर लिहून कॉलेजच्या भित्तीपत्रकात लावायला दिलं. भित्तीपत्रक म्हणजे काचेची पेटी, तिला कुलूप, किल्ली एका प्राध्यापकाकडे. त्यांची सही असल्याशिवाय आत कागद लागत नसे. त्यांनी तिला परत दिला. "विषय चांगला आहे, पण कॉलेजची बदनामी होते," म्हणाले.

मग गॅदरिंग आलं. माईक नेहमीप्रमाणे माझा. पोरीनं भाषणात नाव दिलं होतं. तिथंही भाषण आधी दाखवून सही घ्यायची. हिनं स्त्रीशिक्षणावरचं दाखवून सही घेतली आणि चुलीपुढं बसून दुसरंच, त्या सवलतवाल्यांच्या हाकेवरचं, पाठ केलं. बायकोनं ते इतक्यांदा ऐकलं की तिलाही पाठ झालं. मला दोघींनी पत्ता लागू दिला नाही.

भाषणाच्या वेळी मागचा भोंगा खरखर करायला लागला म्हणून मी जिमखान्याच्या गच्चीवर चढलो होतो. मला आवाज ऐकू येत होता, शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं. जन्मभर मी आवाजच ऐकले. एकदम खाली टाळ्या पडल्या, तशा मी कॉलेजात कधी ऐकल्या नव्हत्या. वाकून बघितलं तर ते प्राध्यापक मशीनकडे धावत चाललेले.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "बाई, बंद करा." ती म्हणाली, "काय बंद करू?"

"माईक! माईक बंद करा!"

"मालक वर आहेत. त्यांना विचारून करते."

"अहो, बटण तुमच्या हाताशी आहे."

"हाय ना," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या बोर्डातून वायर उपटली. मी गच्चीवर उभा, आणि माझ्यापुढचे दोन्ही भोंगे मेले. भाषणाचा शेवट राहिला तो राहिलाच. पोरीच्या हातातला कागदही काढून घेतला.

आठ दिवसांत नोटीस लागली. परवानगी नसलेलं भाषण, संस्थेची बदनामी, बेशिस्त वर्तन. लेखी माफी दिली नाही तर टर्म मिळणार नाही. म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. पोरीबरोबर पालक म्हणून आम्हा दोघांनाही बोलावलं.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाला, "मुलांनी बोलावं असं आम्हालाही वाटतं. पण विद्यापीठाचे नियम आहेत, आमची शिस्त समिती आहे." मग एक मजकूर पुढे केला. पोरीनं वाचला आणि म्हणाली, "परवानगी न घेता बोलले, त्याची माफी लिहिते सर. पण यात लिहिलंय की मी बोलले ते खोटं होतं. ते खोटं नव्हतं."

"प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, बाळ. प्रश्न परवानगीचा आहे."

इथं बायको बोलली. "मग सर, परवानगीपुरती माफी घ्या. खोट्याची कशाला मागता?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "समितीनं मजकूर ठरवलाय. मी बदलू शकत नाही."

बाहेर आल्यावर मी दोघींवर तोंड टाकलं. "अगं लिहून दे! कागदच आहे. वर्ष जाईल तुझं."

पोरगी म्हणाली, "काका, उद्या कोणी म्हटलं, तुमचे भोंगे फुटके आहेत असं लिहून द्या, तर द्याल?"

"भाडं मिळणार असेल तर हजारदा देईन."

ती हसली. मग तिथंच सायकल स्टँडला टेकून रडायला लागली. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू वायर मीच उपटली.

पोरीनं लिहून दिलं नाही. टर्म मिळाली नाही. कळवणहून बाप आला, घरात बसलासुद्धा नाही. दारातूनच माझ्या बायकोला म्हणाला, "शिकाया ठेवली व्हती तुझ्याकडं, भाषणं द्याया नाय. तू तिथं बसली व्हतीस. एक बटण फिरवलं असतंस तर काय झालं असतं?" पोरीची पत्र्याची पेटी बायकोनंच उचलली, स्टँडपर्यंत नेली आणि एस.टी.त चढवून दिली.

पुढच्या वर्षी पोरीचं लग्न झालं, सटाण्याकडं दिली. बी.ए. राहिलं ते राहिलं. खूप नंतर ती अंगणवाडीत लागली. आणि त्या क्लार्कचं वर्गात येऊन ओरडणं म्हणे त्याच साली बंद झालं. प्राचार्यांनीच त्याला सांगितलं, पण गुपचूप. नोटीस मात्र कोणी काढली नाही. मला कॉलेजचं काम पुन्हा मिळालं नाही, त्याचं सोडा, जयंत्या होत्या, लग्नं होती. मला राग होता तो बायकोचा. कधी बोलून दाखवला, कधी नाही. तीही कमी नव्हती. एकदा म्हणाली, "हवालदारानं हात वर केला की तुम्ही बंद करायचा. तुमच्या हाताला सवय हाय. माझ्या नाय."

पण बी.ए.चे निकाल लागायचे त्या दिवसांत ती गप्प असायची, हे मी दरवर्षी बघितलं. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, "बंद केलं असतं तर बरं झालं असतं का हो?" मी म्हणालो, "झोप आता."

ती गेल्यावर आमच्या कॉलनीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. भाची सटाण्याहून आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. मी तिला सरळ विचारलं, "मावशीमुळं तुझं शिक्षण गेलं. राग नाही आला?"

"आला होता ना काका. लय वर्षं होता. लग्नात मी तिच्या पाया नाही पडले, आठवतं?"

"आठवतं. आणि आता?"

"आता काय. कधीच गेला. तिला सांगायचं तेवढं राहिलं."

बुद्धवंदना झाली, दोघंतिघं बोलले, मग ती बोलायला उठली. गॅदरिंगचंच सांगायला लागली. तिकडं जेवणाची पानं मांडून झाली होती. पुढं बसलेल्या एका कार्यकर्त्यानं माईकवाल्याकडं बघून हातानं आवरतं घ्यायची खूण केली. मी ती बघितली. गुडघे दुखतात माझे, तरी उठलो आणि मशीनजवळ जाऊन बसलो. माईकवाला म्हणाला, "काका, काही पाहिजे का?" मी म्हणालो, "नाही. तू चहा पिऊन ये."

ती बोलत राहिली. ते जुनं भाषण जसं आठवेल तसं म्हणायला लागली. चुका होत होत्या, पण म्हणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी शब्द ऐकले. वायर उपटली होती तिथपर्यंत ती आली आणि थांबली. आम्ही सगळे थांबलो.

"याच्यापुढचं मला आठवत नाही," ती म्हणाली. "मावशीला पाठ होतं."

एवढं म्हणून खाली बसली. लोक उठून पानांकडे गेले. भोंग्यातून नुसती घूं घूं चालू होती. कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, "बाबा, झालं. बंद करा आता."

करतो, म्हणालो, आणि तसाच बसून राहिलो.