धाकलू गुरुजींची भूतदया

धाकलू गुरुजी नावाचेच धाकलू. अंगापिंडानं एवढे उंच, की शाळेच्या दारातून आत शिरताना कमरेत वाकावं लागे, आणि आवाज एवढा बारीक, की मागच्या ओळीतली पोरं ‘काय म्हनले रं?’ असं पुढच्यांना विचारून घेत. पोशीर नदीच्या पलीकडच्या वाडीत एका खोलीची शाळा, चार इयत्तांना मिळून हे एकच गुरुजी. नोकरी अजून हंगामी. राहायला शाळेचीच पडवी. संसार म्हणाल तर एक वळकटी, एक स्टोव्ह आणि जमादार.

जमादार हा कोंबडा. घारीच्या पंजातून निसटून गुरुजींच्या उघड्या छत्रीवर येऊन पडलेलं पिल्लू. गुरुजींनी त्याला तांदळाच्या कण्या भरवून वाढवलं. तो आता तुरा डोलवीत वर्गात फेऱ्या मारी आणि ज्याची पाटी कोरी दिसेल त्याच्यापुढं मान वाकडी करून उभा राही. पोरं गुरुजींना भीत नसत, पण जमादाराला भीत.

त्या साली कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि वाडीतली सगळी कोंबडी पटापट आडवी झाली. शाळेच्या पडवीत राहणारा जमादार तेवढा वाचला. आणि नेमकी तेव्हाच शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार असल्याची वर्दी आली.

सरपंच हिरूदादा संध्याकाळी पडवीत येऊन टेकले. तंबाखू मळता मळता त्यांनी जमादाराला मुंडीपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

“गुरुजी, सायबाला सागुती लागंल.”

“साहेब शाकाहारी असतील,” गुरुजी म्हणाले.

“दिपोटी आनि शाकाहारी? काय थट्टा करता! मागचा दिपोटी तंगड्या चोखून गेला. वाडीत दुसरं कोंबडं हाय का सांगा. नाय ना? मंग जमादारच. तुमचीच नोकरी पक्की व्हनार हाय, आमाला काय मिळनार त्यात?”

‘नाही’ हा शब्द गुरुजींना फळ्यावर लिहिता येई, तोंडानं म्हणता येत नसे. ते नुसते “बघू, बघू” म्हणाले. हिरूदादांनी त्याचा अर्थ ‘मसाला वाटायला घ्या’ असा घेतला.

मग गुरुजींनी एक डाव योजला. साहेबांसमोर पोरांनीच प्राण्यांवरच्या दयेची उत्तरं धडाधड द्यायची, म्हणजे ती ऐकून साहेब कशाला कोंबड्याला हात लावतील? दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, ‘भूतदया’. गुरुजींना पुस्तकी शब्दांचा मोठा शौक.

“मुलांनो, सर्व भुतांवर दया करावी,” गुरुजी म्हणाले.

पोरांनी खिडकीतून वेशीवरच्या चिंचेकडं पाहिलं; तिच्याखाली भूत आहे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“भुतं मुकी असतात. त्यांना भूक लागते, पण मागता येत नाही. त्यांना दगड मारू नये. प्रेमानं जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा.”

मागच्या ओळीतला एक पोरगा रडायला लागला. त्याचं कोवळं काळीज द्रवलं असं समजून गुरुजींचेही डोळे पाणावले.

“लांब कशाला जाता? तुमच्या प्रत्येकाच्या गोठ्यात भुतं आहेत. रोज पाहता, पण कधी विचार करता का, त्यांना काय वाटत असेल?”

हिरूदादांची लेक भागी चौथीत होती. ती उठून म्हणाली, “गुरुजी, आमच्या गोठ्यात किती हायत?”

“तुझ्या बापाला विचार. त्यांनीच बांधून ठेवलीत.”

त्या दिवसापासून वाडीतलं एकही पोर दिवेलागणीला गोठ्यात पाऊल टाकीना. भागीची आई सोनुबाई पदर खोचून शाळेत आली. “गुरुजी, काय शिकवलंत वो पोरीला? वासराला वैरन टाक म्हनलं तर बोंब ठोकते.”

“तिच्या मनात दया उपजलीय, सोनुबाई. थोडे दिवस सोसा.”

“दया? अवो, ती थरथर कापते!”

“दया म्हटली की काळीज कापायचंच,” गुरुजी समाधानानं म्हणाले.

साहेब आले. टोपी, काळा कोट, पायात करकरणारे बूट. शेजारच्या सरपंचांच्या घरातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. जमादार सकाळपासून गुरुजींच्या खुर्चीखाली बसला होता. आणि हिरूदादा हातात सुंभ घेऊन दारातच उभे, म्हणजे तपासणी संपली की उशीर नको.

फळ्यावरचा शब्द पाहून साहेब खूश झाले. “भूतदया म्हणजे काय, कोण सांगेल?”

सगळे हात वर. साहेबांनी भागीकडं बोट केलं.

“भुतावर दया करायची,” भागी घडाघडा बोलायला लागली. “भूत मुकं असतंय. भुकेलं असतंय. दगूड मारायचा नाय.”

“शाब्बास! मग तुम्ही कुणी केली का अशी दया?”

“केली ना. चिंचंखालच्या भुताला एकट्याला करमत नाय. म्हनून काल आमी समद्यांनी जमादाराला हळदकुंकू लावलं आनि त्याला सोबतीला देऊन टाकला. कापून नाय, जिता. मी नारळ ठेवून बोलले.”

खुर्चीखालून जमादारानं मान बाहेर काढली. तुऱ्यावर कुंकू होतं. गुरुजींनी ते सकाळी पाहिलं होतं, पण पोरांनी तांबड्या शाईचं बोट लावलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

हिरूदादांच्या हातातला सुंभ गळून पडला. “भागे! कुनाच्या नावानं बोललीस गं?”

“चिंचंखालच्या.”

“आरं देवा! त्याच्या नावाचा कोंबडा आपन खाल्ला तर धरनार कुनाला? हिलाच की!”

साहेब मात्र हसत सुटले. हसून हसून त्यांनी चष्मा पुसला. “अहो गुरुजी, मुलांनी भूत म्हणजे भूतच धरलंय! सांगा त्यांना, इथं भूत म्हणजे काय ते. चला, माझ्यासमोर समजावा. मग शेरा लिहितो आणि जेवायला जाऊ.”

हिरूदादांनी आशेनं सुंभ उचलला. “व्हय गुरुजी, सांगा. भूत म्हंजे वायलं कायतरी असंल तर मंग पोरीचं बोलनं फुकट. म्हंजे कोंबडा मोकळा.”

गुरुजींना अर्थ पाठ होता. भूत म्हणजे जीव, प्राणी. एवढे चार शब्द बोलले की नोकरी पक्की आणि जमादार टोपात. त्यांनी खाली पाहिलं. जमादार त्यांच्या चपलेच्या अंगठ्यावर चोच घासत होता.

गुरुजींनी घसा खाकरला. आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागच्या ओळीपर्यंत स्वच्छ गेला.

“साहेब, भूत म्हणजे भूत.”

“काय?”

“चिंचेखालचं असतं ना, तेच. मुलीचं उत्तर बरोबर आहे.”

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी पेन काढलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘शिक्षकाचे शब्दज्ञान अत्यंत कच्चे. अजून वर्षभर हंगामीच ठेवावे.’ गुरुजींनी तो शेरा वाचला आणि हात जोडले. हात जोडताना ते एवढे खूश दिसत होते, की साहेबांनी शेरा पुन्हा एकदा वाचून पाहिला.

सरपंचांच्या ओटीवर पानं वाढली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि सागुतीसाठी वाटलेल्या मसाल्यात नाइलाजानं सोडलेले बटाटे. साहेबांनी पहिला घास घेतला, तोच जमादार तुरा डोलवीत ओटीवर चढला, थेट त्यांच्या पानाशी गेला आणि भाकरीचा तुकडा टिपायला लागला.

“अहो, हाकला याला!” साहेब ओरडले.

कुणी हललं नाही. सोनुबाईनं उलट पदर सावरून कोंबड्याला नमस्कार केला.

“सायेब,” हिरूदादा हळूच म्हणाले, “तेवढं सांगू नका. त्याला हाकलायची आता आमच्यात कुनाची ताकद नाय. तुमीच जरा सरकून बसा.”

आणि दिपोटी साहेब आपलं पान घेऊन सरकून बसले.