ओझरपर्यंतचे ठिपके

वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा भाऊ ओझरहून बसने आला आणि दोन्ही मुलं माझ्याकडे नाशिकला सोडून गेला. भाची सात वर्षांची, भाचा चार. मी घरी नानकटाईच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे खाऊची ददात नव्हती. भाचा आल्यापासून खातच होता. भाची मात्र दर जेवणाला अर्धी पोळी मागे ठेवायची.

सकाळी सडा घालण्याआधी मी फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत झाडून काढते. तर रस्ताभर पोळीचे तुकडे. पहिल्या दिवशी कावळ्यांना शिव्या घातल्या आणि झाडून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुपारी भाची ओव्हनसमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, यात किती मावतं?”

“दोन ट्रे.”

“आणि माणूस?”

“माणूस भाजला तर नानकटाईला वास लागेल,” मी म्हटलं, आणि जाता जाता भाच्याचा दंड चाचपला. “हा बघ, चांगला भरलाय दोन दिवसांत.”

तिने भावाच्या हातातली नानकटाई हिसकावून घेतली. त्याने भोकाड पसरलं.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर तुकडे टाकताना सापडली.

“अन्न असं रस्त्यात टाकतात?”

“तूच रोज झाडून टाकतेस,” ती म्हणाली. “मग आम्ही घरी कसं जायचं?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेत बाईंनी जर्मनीतली एक गोष्ट सांगितली होती. घरात खायला पुरेना म्हणून आईबाप दोन भावंडांना जंगलात सोडून येतात. परतीची वाट कळावी म्हणून मुलं पावाचे तुकडे टाकत जातात, ते पाखरं खातात. मग मुलांना खाऊचं घर सापडतं. तिथली म्हातारी चेटकीण त्यांना भट्टीत घालण्यासाठी खाऊपिऊ घालते. इकडे ओझरला वहिनी म्हणाली होती, “आता आणखी एक तोंड वाढणार,” आणि भाऊ म्हणाला होता, “भागवायचं कसं?” पुढचं हिने जुळवलं. चेटकीण तर समोरच उभी होती, हातात झाडू घेऊन.

आईबाबा नक्की न्यायला येतील, हे सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं, पण चेहरा काही सैल झाला नाही. मग मी रांगोळीचा डबा आणला.

“पोळीचं चुकलंच तुझं. त्या मुलांनी आधी खडे टाकले होते ना?”

“हो. तेव्हा घर सापडलं होतं.”

“मग ही दगडाचीच पूड आहे. मुंगीसुद्धा तोंड लावत नाही.”

फाटकापासून बस स्टॉपपर्यंत आम्ही ठिपके घालत निघालो. तिचा नेम चांगला होता, भाच्याचे मात्र ठिपके कमी आणि ढीग जास्त. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “आज कुणाची मिरवणूक?”

“ओझरचा रस्ता आखतोय,” मी म्हटलं.

स्टॉपवर ती थांबली. “इथून पुढे?”

“पुढे बस.”

“ती चुकली तर?”

“दुसरी येते.”

हे तिला पटलं. त्या रात्री तिने पूर्ण पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फाटकाच्या आतच झाडत होते. गल्ली कचऱ्याने भरली, काकूंनी दोनदा तब्येतीची चौकशी केली. पुसलेले ठिपके आम्ही रोज संध्याकाळी भरून काढत होतो.

एका दुपारी भाऊ पेढे घेऊन दारात उभा राहिला. मुलगी झाली होती. भाचीने पेढ्याकडे पाहिलं नाही, त्याच्या बुटांकडे पाहिलं.

“तुमच्याकडे गल्लीभर काय सांडलंय?” त्याने विचारलं. “बूट पांढरे झाले.”

“बरोबर आलात,” ती म्हणाली आणि पिशवी भरायला आत पळाली.

गोष्टीतली मुलं शेवटी चेटकिणीची माणकं-मोती घेऊन घरी जातात. हिने निघताना नानकटाईचा मोठा डबा मागितला.

“कुणाला गं एवढा?”

“बाळाला.”

बाळाला दात नसतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.