शेंबूडबाई आणि एकेचाळीस कोऱ्या नळ्या

आरोग्य संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘वरिष्ठ शास्त्रज्ञ, श्वसनविषाणू विभाग’. एवढं म्हणायला श्वास पुरत नाही म्हणून की काय, सगळे तिला शेंबूडबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘मॅडम’. तिला हे चांगलं ठाऊक आहे आणि राग येत नाही. एकदा कोणा महाभागाने पाकिटावर चुकून तेच नाव घातलं, तर शिपायाने ते क्षणभरही न घोटाळता तिच्याच टेबलावर आणून ठेवलं. ती दोन दिवस हसत होती.

बाप सायकली दुरुस्त करायचा. लहानपणी हिचं नाक बारा महिने तेरा त्रिकाळ वाहायचं, आणि वर्गात शेजारी बसायला कोणी तयार नसे. एकदा तिने डॉक्टरांना विचारलं, “एवढं येतं कुठून?” डॉक्टर म्हणाले, “नाकातून.” हे उत्तर तिला पटलं नाही, म्हणून ती शिकत राहिली. शिकता शिकता शास्त्रज्ञ झाली, लग्न झालं, पस्तिशीत चष्मा लागला, आता पंचेचाळिशी आली, पण चौकशी अजून चालूच आहे.

यंदाचं काम तिच्या जिवाजवळचं होतं. म्हातारपणी छातीत उतरणाऱ्या एका विषाणूवर नवी लस आली होती. साठीपुढच्या सहाशे माणसांपैकी निम्म्यांना ती लस द्यायची आणि निम्म्यांना साधं मिठाचं पाणी टोचायचं. कोणाला काय टोचलं हे त्या माणसालाही सांगायचं नाही आणि बाईलाही नाही, म्हणजे कोणाची बाजू घ्यायचा मोहच नको. मग हिवाळाभर दर आठवड्याला प्रत्येकाच्या नाकातला नमुना तपासायचा, सर्दी असो वा नसो. लस घेतलेल्यांच्या नाकात विषाणू कमी सापडतो का, एवढाच प्रश्न. त्यासाठी तिने चार वर्षं अर्ज, परवानग्या आणि बैठका यांत घालवली होती.

अडचण साधी होती. नाकं सहाशे आणि नर्स दोन. म्हणून तिने तोडगा काढला की ज्याने त्याने घरीच आपल्या नाकात कापूस लावलेली काडी फिरवावी, नळीत घालून झाकण लावावं, आणि केंद्राचा माणूस ती घेऊन जाईल.

परवानगी देणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. “म्हातारी माणसं स्वतःच्या नाकात नीट काडी घालतील?”

“आयुष्यभर बोट घालतायत, सर.”

अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, “एका गल्लीत पंधरा दिवस करून दाखवा. दहातले नऊ नमुने चांगले निघाले तर पुढे जा. नाहीतर यंदा थांबा.” यंदा थांबा म्हणजे कायमचं थांबा, हे तिला समजत होतं. लशीचा साठा पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकणार नव्हता.

चिठ्ठ्या टाकून गल्ली निवडली, तर निघाली नेमकी तिचीच. बासष्ट माणसं तयार झाली. त्रेसष्टावी सर्वांत आधी तयार होती, ती म्हणजे तिची सासू. पण संशोधकाच्या घरचं माणूस अभ्यासात घेता येत नाही.

“सगळ्या गल्लीची नाकं चालतात,” सासूबाई म्हणाल्या, “माझ्याच नाकाने काय घोडं मारलंय?”

“आई, नियम आहे.”

“राहू दे.” आणि दोन दिवस बोलणं कामापुरतं.

पहिल्या आठवड्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथे नळीकर होता. त्याचं खरं आडनाव पगारपत्रकावर असेल, पण वीस वर्षं नळ्यांमध्ये काढल्यावर ते कोण लक्षात ठेवतो? संध्याकाळी तो तिच्या खोलीत आला.

“मॅडम, बसा.”

“बसलेलीच आहे.”

“मग घट्ट बसा. बासष्टपैकी एकेचाळीस नळ्यांत माणूस नाही.”

नळीकरचं यंत्र प्रत्येक नळीत दोन गोष्टी शोधतं. एक विषाणू आणि दुसरा माणूस. काडी खरंच नाकात गेली असेल तर माणसाच्या पेशी तिला चिकटतातच. त्याच नसतील तर विषाणू नाही असंही म्हणता येत नाही, कारण तपासायला काही आलेलंच नसतं.

“यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली.

“मी माझं नाक घालून बघितलं. म्हणजे माझा नमुना. मी आहे त्यात.”

ती रात्रभर तळमळली नाही, कारण ती झोपेची पक्की आहे; पण सकाळी चहा न घेताच शिंप्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. शिंपी सत्तरीचा, गल्लीतला सर्वांत सरळ माणूस. हाच फसवत असेल तर संपलंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

“काका, परवा काडी नाकात घातली होतीत ना?”

“आईशप्पथ घातली! डोळ्यांतून पाणी आलं.”

“मला करून दाखवता?”

शिंपी ताठ बसला. पाकीट फोडलं, काडी उजव्या नाकपुडीत घातली आणि मोठ्याने मोजत पाच वेळा फिरवली. मग डावी. इतकं बिनचूक की तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग तो उठला, मागच्या नळावर गेला, काडीच्या कापसाला साबण लावला, खळखळून धुतली, अस्तराच्या पांढऱ्याशुभ्र तुकड्याने टिपली आणि नळीत ठेवून झाकण लावलं.

“काका! हे काय केलंत?”

“धुतली.”

“का?”

“अहो, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईकडे तसलं पाठवायचं? शोभतं का?”

“हे सुचवलं कोणी?”

शिंप्याने शिलाई मशीनकडे पाहिलं. मशीन काही त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, “तुमच्या सासूबाईंनी. घरोघरी जाऊन सांगितलं. ज्यांनी दार उघडलं नाही ते सोडून.”

म्हणजे चांगले निघालेले एकवीस हे दार न उघडणारे होते.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं मोठ्या इस्पितळाचं धुलाईखातं चालवलं होतं. चादरीवर टिकलीएवढा डाग दिसला तर पूर्ण गठ्ठा परत. सून घरी पोचली तेव्हा त्या खिडकीची काच पुसत होत्या.

“आई, तुम्ही लोकांना काड्या धुवायला सांगितल्यात?”

“सांगितल्या. मऊ साबण वापरा, हेही सांगितलं.”

“अहो, पण का?”

“का म्हणजे? त्या मोठ्या माणसांच्या समोर तुझ्या गल्लीचे नमुने जाणार. हिच्या गल्लीतून घाण आली असं कोणी म्हणायला नको.”

“आई, मला घाणच हवी होती!”

सासूबाईंचा हात काचेवर थांबला. “कागदावर कुठे लिहिलंयस, धुऊ नका म्हणून?”

खरंच लिहिलं नव्हतं. दोन पानी सूचना होत्या, नाकपुडीचा कोनसुद्धा आखून दिला होता. पण नाकातून काढलेली काडी कोणी धुऊन पाठवील, हे सतरा शिकलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“मला घेतलं नाहीस,” सासूबाई खाली बघत म्हणाल्या, “म्हटलं, आपण निदान व्यवस्था तरी बघू.”

मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. ती हसतेय म्हणून सासूबाई रागावल्या, आणि रागावता रागावता त्याही हसायला लागल्या. नवरा आतून बाहेर आला, “काय झालं, काय झालं?” विचारत राहिला, आणि कोणी काही सांगेना तेव्हा वर्तमानपत्र घेऊन परत गेला.

तिने अध्यक्षांना फोन लावला आणि आहे ते सगळं सांगितलं, साबणासकट. पलीकडे बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नसावा. मग अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे. पहिला आठवडा सोडून देऊ. दुसरा मोजू. पण नऊ म्हणजे नऊ.”

म्हणजे हातात पाच दिवस होते. आणि गल्ली तिचं ऐकणार नव्हती. ‘ती संकोचाने असं म्हणत असेल’ असं समजून लोक आणखी चांगला साबण आणतील, हे तिला दिसत होतं. ज्याने धुवायला लावलं त्यानेच थांबवायला हवं होतं.

सासूबाई त्या रविवारी शिंप्याच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. चाळीसेक माणसं जमली. “मी चुकले,” त्या म्हणाल्या. शिंप्याने मशीन थांबवलं. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गल्लीने आजवर ऐकले नव्हते, त्यामुळे काहींना आधी अर्थच लागला नाही. “काडी धुवायची नाही. पुसायची नाही. जो शेंबूड निघेल तो तसाच्या तसा पाठवायचा. लाज वाटली तर डोळे मिटून पाठवा. माझ्या सुनेला तोच हवा आहे.”

निवृत्त हेडमास्तर मागून म्हणाले, “नासास्राव म्हणा ना, बरं दिसतं.”

“तुम्ही नासास्राव पाठवा. बाकीच्यांनी शेंबूड पाठवा,” सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी बाई प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर बसली. आत जायला तिला मनाई नव्हती, पण हिंमत होत नव्हती. दुपारी नळीकर बाहेर आला, हातात कागद, चेहरा मुद्दाम गंभीर. हा छळ त्याने अर्धं मिनिट चालवला.

“बासष्टपैकी साठ नळ्यांत माणूस आहे. आणि चौघांत विषाणूही आहे, मॅडम. त्यातल्या एकात तर आपल्याला हवा तोच!”

कोणाला तरी सर्दी झाली म्हणून दोन प्रौढ माणसं सरकारी वऱ्हांड्यात हातात हात घेऊन उड्या मारत होती. झाडूवाल्या मावशी बादली बाजूला ठेवून बघत राहिल्या आणि मग, कारण न विचारता, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी अध्यक्षांचं पत्र आलं. अभ्यास हिवाळाभर चालू. तिने पहिला फोन घरी केला.

“आई, साठ!”

“बासष्टातले?”

“हो. झालं आपलं काम. मंजुरी आली.”

आता आनंदाने काहीतरी बोलतील, असं तिला वाटलं.

“राहिलेले दोन कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“नावं सांगता येत नाहीत, आई.”

“नको सांगूस. मला माहीत आहेत,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवून त्या चपला शोधायला लागल्या.