गुलाबी झालरीची चड्डी

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. मालक गेले, त्यांनाही न्हाई. कैकदा ओठांपर्यंत यायचं, अन् तेवढ्यात कुणीतरी चहा मागायचं. मी उठून जायचे. उठायला निमित्तच पाहिजे असायचं मला.

गोष्ट एका चड्डीची आहे — तान्ह्या लेकराची, प्लॅस्टिकची, गुलाबी झालरीची. हसलात ना? हसा. मीही चांगली हौसेनं आणली होती ती.

तो मोठा दुष्काळ नुकता सरला होता. आम्ही केदारखेड्याला, अन् माझा मिलिंद अजून पालथा पडायला शिकत होता. घरात सासूबाई, थोरले दीर अन् त्यांची बायको — माझी जाऊ, मथुराअक्का. अक्काची कूस काही उजवली न्हाई. मिलिंदचं सगळं तीच करायची. तेल, आंघोळ, जुन्या धोतराचे लंगोट शिवणं, ते धुणं. माझ्याकडं यायचा तो फक्त प्यायला. खरं सांगू? मला आयतंच बरं वाटायचं. अन् जळायचेही मी. दोन्ही एकाच वेळी — होतं ना असं?

शहागडला माझ्या भावाचं लग्न निघालं. लेकरासाठी काहीतरी ओल धरणारं घ्यावं म्हणून मालकांबरोबर नवीन जालन्याला गेले. निघताना अक्का म्हणाली, "तांबडं रबर आण गं. खाली आंथरायचं, वर नुस्ता लंगोट. लेकराला वारा लागला पाह्यजे."

कटलरीच्या दुकानात रबर होतं, मेणकापड होतं, अन् ही चड्डी दोरीला टांगलेली. दुकानदार म्हणाला, थेंब बाहेर येणार न्हाई, पण घडीघडी काढून लंगोट बदलत जा. ऐकलं मी. बराबर ऐकलं. पण डोळ्यांपुढं माझं जांभळं रेशमी पातळ होतं, अन् माहेरच्या बायका. चड्डीच घेतली, अन् घरी कुणाला न दाखवता पिशवीच्या तळाशी ठेवली.

लग्नाला अक्का आली न्हाई. घरी गुरं हायेत, असं आम्ही म्हणालो.

सकाळी चड्डी घातली, ती दिवस मावळल्यावर काढली. दिवसभर ह्या मावशीच्या मांडीवरून त्या मावशीच्या मांडीवर — बाहेरून कोरडा ठणठणीत! "काय शहाणं लेकरू," म्हणायच्या बायका. शेवटी शेवटी रडून रडून घसा बसला त्याचा. मी म्हटलं, भूक असंल. काढली तेव्हा जांघांचं कातडं लंगोटाबरोबर आलं.

दुसऱ्या दिवशी घरी सासूबाईंनी बघितलं. "आगं बया! हे काय झालं?"

अक्का अंगणात बसून आमचेच लंगोट धूत होती. मी तिच्याकडं बघितलं अन् म्हणाले, "अक्कानं लंगोटातला धुण्याचा सोडा नीट खळबळून काढला नसंल."

आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. देव गेले, अंगारे गेले, वांझेची नजर-बिजर बिलकुल गेली. म्हणून तर मी सोड्याचं नाव घेतलं! अन् तरी सासूबाईंना जे ऐकू जायचं तेच गेलं — वांझेचा हात लागला — हे मला तिथंच कळलं. त्यांनी लेकरू उचललं, पदराखाली घेतलं, अक्काकडं पाठ केली.

अक्का एवढंच म्हणाली, "चांगलं खळबळलं व्हतं मी... चुकलं आसंल."

त्या दिवसापासून तिच्या हातात लेकरू दिलं न्हाई. लंगोटही न्हाई. मिलिंदचं अंग बरं झालं, तरी न्हाई. चड्डी मी उकिरड्यात खोल गाडली.

पण प्लॅस्टिक कुजतं का? पुढच्या उन्हाळ्यात उकिरडा उपसला, खत शेतात नेलं. अक्का पाटीनं खत पसरत होती. त्यातून झालर निघाली. तिनं ती झटकली, उलटी करून बघितली. इलॅस्टिक ताणून बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं.

आता तरी बोलावं की न्हाई माणसानं? मी म्हणाले, "कुणाची हाय काय माहीत."

"आसंल कुणाचीबी," ती म्हणाली. अन् बांधावर नेऊन दगडाखाली ठेवली. घरात कुणाला बोलली न्हाई. मरेपर्यंत न्हाई.

मिलिंद तोवर चालायला लागला होता. सगळं घर सोडून तो अक्काकडंच दुडूदुडू पळायचा, तिच्या लुगड्याला मिठी मारून हात वर करायचा. अन् ती — सगळं माहीत असूनही — आपले दोन्ही हात पाठीमागं धरायची अन् माझ्याकडं बघायची. घेऊ का, म्हणून.

मी नुसती मान हलवली असती तरी पुरं होतं. मी दुसरीकडं बघायचे.