खाऱ्या चिखलातली रोवणी

कोंढ्याहून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी नणंद सरू. पिशवीत दोन लुगडी, तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी. आम्ही तलावात मासोळी धरणाऱ्या बाया. आमच्या गटानं गावच्या तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, तिथं देवधान (तलावात आपोआप उगवणारं रानधान) रोवलं आणि गेलेली मासोळी परत आली. ही गोष्ट कोकणातल्या एका खाडीकाठच्या बायांच्या कानावर गेली. त्यांनी बोलावलं.

त्यांचं खारं गवत दोनदा रोवून दोनदा मेलं होतं. ही तिसरी खेप. ती फसली तर गाव ती चिखलवट जमीन कोळंबीच्या ठेकेदाराला देणार होतं. मग तिथं खेकडे, निवट्या (चिखलातले मासे) धरणाऱ्या बायांनी जायचं कुठं? मी चौथी शिकलेली. पण गवत मरतं कशानं, ते मला कळतं.

भंडाऱ्याहून रेल्वे, मग दोन बसगाड्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. हिराबाई म्हणून तिथल्या गटाची पुढारी, चाळिशीची, उंच आवाजाची. तिनं आम्हाला सरळ खाडीवर नेलं. पाहते तर नुसता चिखल. लांब मधोमध पाण्याची एक धार.

मी म्हटलं, "काहून व बाई, तुमचा तलाव तं आटला! आता रोवून काय फायदा?"

हिराबाई हसून वाकली. "आजी, ही ओहोटी हाय. सांजच्याला पानी येल."

माझा विश्वास बसला नाही. आमचं पाणी वर्षातून एकदा उतरतं. मी चपला आणि भाकरीची पिशवी खाली धारेजवळ ठेवून वरच्या अंगाला गेले. तिथं जुन्या गवताचा एक तुकडा उरला होता. थेट देवधानासारखा, पण पान चाटलं तर मीठ. गवत आपलं जादा मीठ पानावर काढून टाकतं, असं हिराबाईनं सांगितलं. त्याच्या मुळाशी बोटाएवढे खेकडे पळत होते. मी वाकून पाहत बसले. सांज झाली, पाणी गुपचूप आलं आणि माझी पिशवी आणि एक चप्पल घेऊन गेलं.

सरू काठावरून ओरडली, "वहिनी, तुमच्या तलावानं भाकर खाल्ली!"

सगळ्या बाया हसल्या. मी उरलेल्या चपलेकडे पाहिलं नाही. पाणी गवतावर कुठवर चढतं, ते पाहत होते. दुसऱ्या दिवशी ओहोटीला परत गेले. जुन्या गवताच्या काडीवर निम्म्यापर्यंत गाळ चिकटलेला. मेलेल्या रोवणीच्या काड्या शेंड्यापर्यंत गाळानं माखलेल्या.

"इतक्या खाली काहून रोवलं?" मी विचारलं.

"तिथं चिखल मऊ, हात पटकन जातो," हिराबाई म्हणाली.

"हाताले सोपं, पण गवताले नाकात पानी. वर घ्या. आन् एकेक काडी नोको. मूठभर घ्या, मुळाच्या चिखलासकट."

धानाची रोवणी करतो तशीच. सहा दिवस आम्ही ओहोटी धरून काम केलं. जुन्या तुकड्यातून विरळ-विरळ ढेकळं काढायची, जुनं गवत निम्मं बुडतं त्याच उंचीवर बसवायची, टाचेनं दाबायची. माझी कंबर मोडली. जेवायला भात आणि कोलिमाचं (बारीक कोळंबीचं) कालवण. मला ते फार खारट लागलं, तसं मी सांगितलंही. हिराबाईनं दुसऱ्या दिवशी अजून मीठ घातलं.

पुनवेला मोठं उधाण येणार होतं. गावपंचांचा शब्द होता: उधाणात गवत टिकलं तर जमीन बायांची. दुपारी पाणी चढलं आणि सगळं झाकलं गेलं. पंच काठावर उभे. त्यातले एक म्हातारे मला म्हणाले, "आजी, गेलं तुमचं गवत."

"थांबा ना जरा. तुमचंच पानी हाय, वापस जाईलच."

पाणी उतरलं. आधी शेंडे दिसले, मग काड्या, मग रांगा. दहा-वीस ढेकळं सुटली होती. बाकी सगळं उभं, मातीत मुळं धरून. हिराबाई चिखलात धावली आणि पडली. म्हातारे पंच निघाले, मग वळून म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडं."

हिराबाईनं मला नव्या चपला दिल्या. मी घेतल्या. कमावलेल्या होत्या.

कोंढ्याला उतरल्यावर चावडीजवळच्या बायांनी घेरलं. "समुद्र कसा असते व?"

"पाहलाच नाही," मी म्हटलं. "खाली वाकून होतो ना."

खरंच, दोन कोसांवर समुद्र होता आणि मला वेळ मिळाला नाही. त्याचं वाईट वाटत नाही. समुद्र कोणीही पाहतं. संध्याकाळी तलावावर गेले आणि देवधानाचं एक पान चाटलं. अगदीच अळणी.