माझी थोरली सवत, बांधावरची रुई

आमच्या ह्यांची मी दुसरी बायको. थोरली अजून घनसावंगीच्या वाटेवर, आमच्या बांधाला उभी आहे. तोडली तरी पुन्हा फुटते, पाणी मागत नाही, आणि आजवर माझ्याशी एकदाही भांडली नाही. माणूस असती तर एवढं निभलं नसतं. रुईचं झाड आहे ते. मारुतीला जिची पानं वाहतात, ती रुई.

ह्यांचं नाव त्रिंबक. आता या वयात घेते, कोण रागावणार?

सासूबाईंची, म्हणजे दुर्गाबाईंची, पहिली दोन लेकरं जगली नाहीत. तिसरे हे. बाराव्या दिवशी सासूबाईंनी ह्यांना सुपात घातलं आणि शेजारच्या गोजरबाईच्या ओटीत टाकलं. गोजरबाईची सातही लेकरं धडधाकट, तिच्या हाताला यश. मंग मूठभर बाजरी देऊन पोरगा परत विकत घेतला. बोली अशी, की लग्न होईस्तोवर तो गोजरबाईचा. सटवीनं फसावं म्हणून. त्यामुळे हे गोजरबाईला आई म्हणायचे आणि जन्म दिलेल्या आईला काकू.

पोरगा जगला. सात वर्षांचा झाला तशी सासूबाई त्याला शाळेत घेऊन गेल्या. मास्तरांनी विचारलं, "बापाचं नाव?"

मामंजींचं नाव कारभारी. पण सासूबाईंनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं, आणि बोलीही मोडायची नव्हती. ठणठणीत सांगितलं, "रखमाजी." म्हणजे गोजरबाईचा नवरा. एका शब्दात दोन्ही कामं उरकली. मास्तरांनी लिहून टाकलं.

त्या लिहिण्याचं पुढं काय होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कुणब्याचा पोरगा फार तर चौथी शिकायचा. पण हे शिकतच गेले. निजामाचं राज्य, वरचं सगळं शिकणं उर्दूतून. परतूरला शाळेत राहायचे, सुट्टीत औत हाणायचे, आणि औतामागं उर्दूचे धडे म्हणायचे. बैल इतके तयार झाले, की "ठैरो" म्हटलं की बराबर थांबायचे आणि मामंजींच्या "हो हो"ला जुमानायचे न्हाईत. मामंजी म्हणायचे, "पोरगं शिकून राह्यलं का बैल, काही कळंना."

मॅट्रिक झाली, तीही वरच्या नंबरात. मंग हैदराबादच्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं डोक्यात आलं. तिकडं तिला जामिया म्हणत. जिल्ह्याजिल्ह्यातून हुशार पोरं अर्ज करायची, आणि त्यातली ओंजळभरच आत घ्यायचे. हेडमास्तरांनी कागद जुळवायला घेतले तर शाळेच्या दाखल्यावर बाप रखमाजी, आणि पटवाऱ्याच्या कागदावर बाप कारभारी.

हेडमास्तर म्हणाले, "त्रिंबक, दोन बापांचा अर्ज दारातूनच परत येईल. पाटलाचा जबाब आण, दोघांचे अंगठे आण. आठ दिवसांत."

हे घरी आले. मामंजी तयार, रखमाजीबुवा तयार. सासूबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या.

"बोली लग्नापर्यंतची हाये. मधीच सोडवलं आन पोराला काही झालं तर? मला साहेब नको, जितं पोरगं पाहिजे."

"काकू, अशानं माझं शिकणं बुडंल."

"बुडू दे. तू तर तरशील."

दोन दिवस तसेच गेले. हे बाहेर बाजेवर पडून. तिसऱ्या दिवशी गोजरबाई आली. बाई तोंडाची फटकळ. म्हणाली, "दुर्गे, लग्नापर्यंतच ना बोली? मंग लाव लग्न."

"आठ दिवसांत पोरगी कुठून आणू?"

"पोरगी कशाला? बिजवराला तिसऱ्या लग्नाआधी रुईशी लावतेत का न्हाई? ह्याचं पहिलंच लाव. हुंडा न्हाई, मानपान न्हाई, व्याही रुसायचा न्हाई."

सासूबाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "हळद लावाया पाहिजे पण. अर्धवट न्हाई करायचं."

मी तेव्हा हसनाबादला, माहेरी, परकर सावरत होते. पण हे लग्न मी इतक्यांदा ऐकलंय, की करवली मीच होते असं वाटतं. ह्यांच्या अंगाला हळद, रुईलाही हळद. अंतरपाट एकीकडून मामंजींनी धरला, दुसरीकडून रखमाजीबुवांनी. दोन बाप. गोजरबाई रुईच्या बाजूची. म्हणाली, "आमची पोरगी गरीब हाये, तिला पाला तोडू तोडू छळू नका." अक्षता पडल्या. गोजरबाईनं ह्यांचा हात धरून सासूबाईंच्या हातात दिला. "घे. फिटली तुझी बोली."

हे सतरा वर्षांचे. मान खाली घालून म्हणाले, "आई."

सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणलास? वारा लई हाये, ऐकू आलं न्हाई."

"आई."

वारा बिलकुल नव्हता, असं गोजरबाई सांगायची.

अंगठे झाले, कागद गेला, हैदराबादहून बोलावणं आलं. उशीशिवाय परमुलखात कसं निजेल म्हणून सासूबाईंनी आणि गोजरबाईनं रुईची बोंडं फोडून मऊ कापूस काढला आणि उशी भरून दिली. "बायकोनं दिली म्हण," गोजरबाई म्हणाली.

तिथं तीन बुजुर्ग बसलेले. आधी गणित विचारलं, मंग इतिहास. ते जमलं. शेवटी एकानं कागद उचलला. "बरखुरदार, वालिद का नाम पिछले महीने कैसे बदल गया?"

हेडमास्तरांनी बजावलं होतं, चूक झाली म्हण आणि गप बस. पण आईला खोटं पाडायचं ह्यांच्या जिवावर आलं. म्हणाले, "हुजूर, बदला नहीं, लौटा है." आणि सूप, बाजरी, रुई, सगळं उर्दूत सांगितलं.

पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "और दुल्हन कैसी है?"

"हुजूर, दूध बहुत है, मगर किसी को पिला नहीं सकते."

रुईचा विषारी चीक त्यांनाही माहीत होता. तिघंही पोट धरून हसले. मंग म्हाताऱ्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "यही सब लिखकर दो." ह्यांनी दोन पानं लिहिली.

पंधरा दिवसांनी उर्दूतलं पत्र आलं. गावात ते वाचणारे एकटे हेच, आणि हे शेतात. सासूबाई पत्र घेऊन अनवाणी पळत सुटल्या. ह्यांनी औत थांबवून वाचलं: घेतलं होतं.

सासूबाईंनी आधी घागर आणली आणि रुईला पाणी घातलं.

हे शिकून परतूरला मास्तर झाले. शाळेत नाव घालायला आलेल्या बायांना दोन-दोनदा विचारायचे, "खरा बाप सांगा, माय. विकलं असंल तर तेबी सांगा."

माझं लग्न झालं तेव्हा वरात घरी जायच्या आधी बांधावर थांबली. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या पाया पड. तिच्यामुळं तुला शिकलेला नवरा मिळाला."

मी पडले. रात्री बघते, तर नवऱ्याच्या डोक्याखाली तिचीच उशी. म्हटलं, "बाई, तू आधीची. मी आपली पायथ्याशी निजते."

हे म्हणाले, "दोघांपुरती हाये."